आक्काचं ताट

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते, पण खरं सांगू? बहुतेक वेळा हसतच. पांढरी साडी, वळणावरची बाई, पैंजणांचा आवाज... माझा यातल्या कशावरच विश्वास नव्हता. त्यात माझं कामच आवाजाचं. बेळगावात माझं कानाच्या मशीनचं छोटं क्लिनिक आहे. ‘कुणीतरी हाक मारतंय’ म्हणणारे पेशंट माझ्याकडे नेहमी येतात. सेटिंग बदललं की बहुतेकांची हाक थांबते. तेव्हा हे सगळं लिहिताना मलाच कसंतरी होतंय. भीती नाही हो — किळस. आजही जेवताना मध्येच आठवलं तर घास तोंडात फिरतो.

माझी मोठी मावशी निपाणीला असते. सगळे तिला आक्का म्हणतात, मीही. तिचे यजमान, आमचे आप्पा, तंबाखूचे व्यापारी होते. गावात मोठा मान. ते गेल्यावर त्यांच्या स्मरणार्थ रस्त्याकडेला पाणपोई बांधली. काळ्या ग्रॅनाइटवर त्यांचा चेहरा कोरलाय आणि खाली मराठी-कन्नड दोन्हीत लिहिलंय, प्रेमळ आणि दानशूर.

आप्पा गेले आणि आक्काचं विसरणं वाढत गेलं. आधी आमटीत दोनदा मीठ, मग घरची गल्ली, मग नातवंडांची नावं. डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हणून सांगितलं. शेवटी तर भरतअण्णाला, म्हणजे तिच्या एकुलत्या एका मुलाला, ती विचारायला लागली, “तू कुणाचा रं?”

पण इतकी खुशीत आक्का मी आधी कधीच पाहिली नव्हती. जन्मभर पदर ओढून दाराआड उभी राहिलेली बाई आता पुढच्या सोप्यात, ओसरीवर, खुर्ची टाकून बसायची, रस्त्यानं जाणाऱ्यांना मराठीत, कन्नडात हाका मारायची, खळखळून हसायची. आपलं लग्न झालंय हेसुद्धा ती विसरली होती. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बघून एकदा मला म्हणाली, “ह्ये म्हातारं कोन गं? लई मारकं दिसतंय.” आम्ही दोघी पोट धरून हसलो. अण्णा नाही हसला.

त्याला ते सोसेना. आपली आई आपल्या बापाला विसरते म्हणजे काय! मग त्यानं आप्पांचे व्हॉट्सअॅपवरचे जुने व्हॉइस मेसेज कुठल्याशा कंपनीला पाठवले आणि एक अॅप करून घेतलं. फोन समोर ठेवायचा, स्क्रीनवर आप्पांचा फोटो ओठ हलवतो आणि त्यांच्याच आवाजात बोलतो. आपण काही विचारलं तर उत्तरही देतो.

मला हे काहीच माहीत नव्हतं. आक्काची कानातली मशीन साफ करायला एका रविवारी मी निपाणीला गेले, तर सोप्यातली खुर्ची रिकामी. आक्का आत, स्वयंपाकघराच्या दाराशी, डोक्यावर पदर घेऊन जमिनीवर बसलेली.

“काय झालं हिला?” मी विचारलं.

वहिनी, म्हणजे अण्णाची बायको, स्वयंपाकघरात निघून गेली. अण्णा मात्र खुशीत होता. “अगं, आठवाय लागलंय तिला! बघ, कशी अदबीनं बसलीया. आठ दिवस झालं, रोज आप्पा बोलत्यात तिच्याशी.”

त्यानं फोनवर ते अॅप लावून दाखवलं. “जेवलीस काय गं?” आवाज हुबेहूब आप्पांचा. तोच खरखरीत घसा. पण ते ओठ... मेलेल्या माणसाच्या तोंडात बोटं घालून कुणी जबडा हलवावा, तसे हलत होते.

“बंद कर अण्णा. घाण वाटतंय मला.”

“तुझं काय जातंय? माझा बाप हाय त्यो.”

त्यांच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवायची पद्धत. उजेड असतानाच आम्ही टेबलाशी बसलो. आक्काच्या समोर पाण्याच्या तांब्याला टेकवून अण्णानं फोन ठेवला. वहिनीनं भाकरी, भात, तुरीची आमटी वाढली. आप्पा ‘आज बाजारात गर्दी हाय’, ‘थंडी पडलीया’ असलं काहीबाही बोलत होते. आक्का खाली मान घालून भात कालवत होती.

मग बोलणं थांबलं. फोटो नुसता बघत राहिला. आणि तोच आवाज, पण एकदम खालच्या पट्टीत, म्हणाला, “ह्याला आमटी म्हनत्यात व्हय गं?”

पाठोपाठ खाकरल्याचा आवाज. लांबलचक, घशाच्या तळातून ओढून काढलेला. आणि थुंकल्याचा.

एवढंच असतं तर मी काहीच लिहिलं नसतं. पण आक्काच्या ताटात पच्चकन काहीतरी पडलं. मी तिच्या शेजारी बसले होते, माझ्या डोळ्यांदेखत पडलं. पांढऱ्या भातावर तांबडी-काळी पिंक. फेस आलेली, चिकट, तंबाखूच्या पानाचे तुकडे असलेली. वास थेट नाकात गेला, चुन्याचा आणि कुजक्या दातांचा. आप्पा गेल्यापासून त्या घरात कुणी तंबाखूला हात लावत नाही.

मी खुर्ची मागं ढकलून उठले. वहिनीच्या हातातली पळी खाली पडली. आक्का मात्र दचकली नाही. तिनं शांतपणे बोटांनी ती पिंक भातात कालवली. नीट, एकसारखी. आणि घास उचलला.

“आक्का!” मी तिचं मनगट धरलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कुजबुजली, “खाऊ दे गं. न्हायतर पोराच्या ताटात टाकत्यात.”

अण्णा उठला. त्यानं आईपुढचं ताट उचललं, मोरीत नेऊन राखेनं घासलं, स्वच्छ पुसलं, नवीन भात वाढला आणि ताट परत आणून ठेवलं. त्यानं नाकही मुरडलं नाही. मी बघतच राहिले. पहिल्यांदा बघणारा माणूस असं वागत नाही.

“अण्णा, तुला माहीत होतं?”

“काय?”

“ते, ताटात—”

“आमटी सांडली हुती,” तो म्हणाला. “मला काय आठवत न्हाय.”

हात तीन-तीनदा धुऊनही माझ्या बोटांचा वास जाईना. मी मोरीतच ओकले. मग आक्काचे कपडे पिशवीत भरले आणि तिला गाडीत घालून बेळगावला आणलं. अण्णा अडवायला आला नाही. फोन अजून तांब्याला टेकलेलाच होता.

माझी आई माझ्याकडेच राहते. तिला सगळं सांगितलं तेव्हा तिनं उठून दार लावून घेतलं. मग म्हणाली, “माझं लगीन झाल्यावर एकदा मी तिच्याकडं गेलते. तवा बघितलं. जेवण पसंत पडलं न्हाय की त्यो तिच्या ताटात थुकायचा आन् वर खायाला लावायचा. ती मला म्हनली, कुनाला सांगू नगंस. न्हाय सांगितलं.”

“आणि अण्णा?”

“लहान हुता. शेजारी बसूनच जेवायचा की.”

तुमच्यातले कंप्युटरवाले सांगतील की असलं अॅप मनाचंही बोलतं. मान्य. खाकरणं एखाद्या जुन्या मेसेजमध्ये आलं असेल, तेही मान्य. कंपनीतल्या माणसाला मी फोनवर विचारलं, तर तो म्हणाला, त्यांना मिळालेल्या मेसेजमध्ये सगळं गोड बोलणंच होतं, सणाच्या शुभेच्छा आणि आशीर्वाद. बरं, आवाजाचं सोडा. पण पिंक? वहिनीनंही ती पाहिली. तिनं त्याच दिवशी ते अॅप काढून टाकलं आणि फोटो भिंतीवरून उतरवला. अण्णानं तो परत लावला नाही.

आक्का माझ्याकडे बरी आहे. डोक्यावरचा पदर गेला. हसायला मात्र अजून लागली नाही.

परवा अण्णा आला. आईच्या शेजारी जेवायला बसला. आक्का त्याच्याकडे बघत राहिली. “कुणाचा रं तू?”

“तुझाच,” तो म्हणाला.

तिला ते कळल्यासारखं दिसलं नाही. मी त्याच्या ताटात आमटी वाढली, तशी ती एकदम पुढं वाकली आणि आपला हात तिनं त्याच्या ताटावर छपरासारखा आडवा धरला.

“जेव,” ती हळूच म्हणाली. “पटापटा जेव. म्या धरलंय.”

अण्णानं आईच्या हाताखालून घास उचलला. तो रडत होता, पण जेवला. ताट रिकामं होईपर्यंत तिनं हात काढला नाही.

त्या दिवशी भातावर ते कुठून आलं, हे मला आजही सांगता येत नाही. अण्णाला विचारायचं मी सोडून दिलंय.