पांढऱ्या पानावर पांढरी ओळ

सोमवारी हळदीचे शेठ स्वतः आमच्या सांगलीच्या कॉम्प्युटर क्लासात आले, आणि मी लगेच मान खाली घालून की-बोर्ड पुसायला लागले. मला माणसांसमोर बोलताच येत नाही... म्हणून हे इथं वहीत लिहितेय.

नववीतनं शाळा सुटली माझी. आता क्लासात वेबसाइटची पानं लिहिते. मी वहीत मराठीत लिहायचं, सर त्याचं इंग्रजी करतात, मग मी टाइप करते. इंटरनेट आपल्याकडं आत्ता कुठं आलंय, पण शेठांना घाई. परदेशात कुणी हळद शोधली तर आपलं पान वर दिसलं पाहिजे.

सरांनी एक युक्ती शिकवलेली. पानाच्या तळाला इंग्रजीत 'हळद, सांगली हळद' असं शंभरदा लिहायचं, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात. माणसाला दिसत नाही, शोधणारं मशीन वाचतं म्हणे.

तरी पान वर येईना. सर म्हणाले, "दुसऱ्यांनी आपली लिंक द्यायला पाहिजे गं. पण उगंच कोण देतंय? वाचण्यासारखं कायतरी लिही."

मला पेवंच तेवढी माहिती. हरिपुरात जमिनीखाली खोल पेवं असतात, हळद भरून तोंड मातीनं लिंपतात. उघडल्यावर लगेच उतरायचं नसतं, आतली हवा वाईट असते. आधी दोरीनं कंदील सोडायचा... विझला तर थांबायचं. हे सगळं लिहिलं. शेवटी एक ओळ... 'एकदा घाईत कंदील न सोडता एक हमाल उतरला, तो वर आला नाही.'

ते माझे आबा, माझे वडील. पेव शेठांचं नव्हतं, दुसऱ्याच कुणाचं होतं. माझी शाळा त्यामुळंच सुटली, पण सरांना मी हे कधी सांगितलं नाही.

महिन्याभरानं परदेशातल्या एका मास्तरांचा ई-मेल आला. मसाल्यांवर त्यांचं पान आहे. त्यांनी त्यावर आमच्या पानाची लिंक दिलेली, आणि खाली आबांचीच ओळ. मग अजून दोघांनी दिली. पान वर आलं, सरांनी क्लासला भडंग वाटलं.

म्हणून शेठ आलेले. प्रिंट वाचत हसत होते, शेवटाला आले आणि थांबले. "अवो सर, ह्ये काय? माणूस मेला म्हटल्यावर हळद कोण घेणार?"

"शेठ, त्या ओळीमुळंच लिंक आली की."

"आली न्हवं? पाव्हणा घरात आला, आता दारातली रांगोळी पुसली तर काय बिघडतंय?"

सर हसले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "काढ गं."

ते माझे आबा, हे सांगायचं होतं... "व्हय सर," एवढंच बाहेर पडलं. माझ्याच हातानं पुसली.

शेठ गेल्यावर पानाच्या तळाला गेले. शंभर हळदींच्या खाली तीच ओळ परत टाइप केली, पांढऱ्या अक्षरात. ह्या वेळी 'एक हमाल' नाही, आबांचं पूर्ण नाव. त्यावरनं माउस ओढला की तेवढ्यापुरतं दिसतं. दुसरीकडं क्लिक केलं की पान कोरं.

मास्तरांच्या पानावर ती ओळ अजून आहे, काळ्या अक्षरात. तिथंवर शेठांचा हात पोचत नाही. फक्त तिथं नाव नाही... नाव माझ्याकडं आहे, कुणाला न दिसणारं.

मास्तर, हे मराठीत आहे, तुम्हाला वाचता यायचं नाही. तरी थँक्यू.