तिसऱ्या टॉवरचा रंग

मी आयुष्यात कधी टॉवरवर चढलो नाही. खालून वर बघितलं तरी मला गरगरतं. माझं काम कागदावरचं. दोन टॉवरवरच्या डिश एकमेकींशी बोलणार असतील तर त्यांना कुठली फ्रिक्वेन्सी द्यायची, आजूबाजूला आधीपासून कोण बोलतंय, कुणाचा आवाज कुणाच्या कानात जाईल, हे तपासायचं आणि परवान्यासाठी दिल्लीला अर्ज करायचा. वर चढून डिश बांधायचं काम चाचांचं. कोल्हापुरातल्या आमच्या छोट्या कंपनीत आम्ही दोघं बावीस वर्षं एकत्र होतो.

"काय पावणं, येताय न्हवं वर?" प्रत्येक टॉवरखाली ते मला हेच विचारायचे आणि कमरेचा पट्टा अडकवून हसत चढायला लागायचे. वर पोचले की ओरडायचे, "साहेब, हितनं तुमचं टक्कल लई झ्याक दिसतंय की!" मी खालून शिव्या घालायचो. साठीला टेकलेला माणूस, पण त्यांनी आवळलेला नट दुसऱ्या कुणाला सुटायचा नाही. नवी पोरं पाना घेऊन लोंबकळायची आणि शेवटी चाचांनाच हाक मारायची. चाचांना दुसरा कसला गर्व नव्हता, एवढ्या हाताचा होता.

ऑफिसच्या भिंतीवर आम्ही जिल्ह्याचा नकाशा लावला होता. जोडीतला एक टॉवर वरच्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो, दुसरा खालच्या. वरचा असेल तिथं लाल टाचणी, खालचा असेल तिथं निळी. लालची जोडी निळ्याशीच लावायची. आणि एका टॉवरला एकच रंग, कारण एकाच टॉवरवर दोन्ही आले तर तो स्वतःच्याच कानात ओरडतो. मी गावाचं नाव वाचायचो, चाचा टाचणी टोचायचे. माझे इंग्रजी अर्ज त्यांना वाचता यायचे नाहीत, पण टाचण्या बरोबर कळायच्या. टाचणी टोचल्याशिवाय अर्ज पाठवायचा नाही, हा आमचा रिवाज होता.

कोल्हापूरला लाल टाचणी होती. कोडोली निळी, हातकणंगलेही निळं, कारण दोघांची जोडी कोल्हापूरशी. मग हुकूम आला की कोडोली आणि हातकणंगले एकमेकांना थेट जोडा, म्हणजे एक बाजू तुटली तर दुसरीकडून काम चालेल. आता दोन्ही निळे! बालवाडीतल्या पोरानं सांगितलं असतं की हे जमणार नाही, इथं वेगळं काहीतरी करावं लागेल. पण त्या दिवशी चाचा वारणानगरला टॉवरवर होते, वरिष्ठांचे फोनवर फोन येत होते आणि माझं डोकं फिरलेलं. कशाला हव्यात टाचण्या, म्हणालो, आणि लॅपटॉपवरच अर्ज भरला. या जोडीपुरतं हातकणंगले लाल करून टाकलं.

परवाना बिनहरकत आला. येणारच. परक्या कुणाला त्रास होत नाही ना, एवढंच तिकडं बघतात. घरातलं भांडण आपण बघायचं असतं.

चाचांनी दोन दिवसांत डिश बांधल्या. आणि थंडी पडल्यावर तक्रारी सुरू झाल्या. सकाळी उसावर धुकं बसलं की ही नवी लिंक तुटायची, दहाला ऊन आलं की आपोआप जोडली जायची. मी माझा कागद उघडूनही बघितला नाही. माझा कागद चुकणार? ह्यॅ! मी रिपोर्ट लिहिला, 'डिश हलते आहे. नट नीट आवळलेले नाहीत.' दोन ओळी. फोन करून चाचांना विचारलंसुद्धा नाही.

मला वाटलं होतं, म्हातारा भांडायला येईल. आले, पण दारातच उभे राहिले. "साहेब, कागद तुमी परत बघितलाय न्हवं?"

"बघितलाय की!" मी खेकसलो.

"मग माझाच हात चुकला असंल," ते म्हणाले. "वय झालं आता." दुसऱ्या दिवशी त्यांना स्टोअरला बसवलं. पट्टा त्यांनी स्वतःच आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि केबल मोजायला गेले.

चार महिन्यांनी दुसऱ्या एका लिंकसाठी मी नकाशासमोर उभा राहिलो. हातकणंगल्यावर निळी टाचणी होती आणि माझ्या फायलीत तेच गाव लाल. धुक्यात पलीकडचा आवाज बारीक झाला की हा टॉवर स्वतःच्याच ओरडण्यानं बहिरा होत होता. आयला, माती मी खाल्ली होती आणि चव त्या माणसाच्या तोंडात! मी गुपचूप त्या जोडीला कोल्हापूरच्या जोडीपासून अगदी लांबची फ्रिक्वेन्सी मागून घेतली. लिंक पुन्हा कधी तुटली नाही. ऑफिसात सगळे म्हणाले, नव्या पोरांनी नट चांगले आवळले. मी ऐकून घेतलं. आज सांगू, उद्या सांगू. स्टोअरच्या दारावरून जाताना मी मोबाइल कानाला लावून जायचो. वर्ष असंच गेलं. भित्रा माणूस मी. टॉवरच्या उंचीला भितो ते काहीच नाही.

मग कळलं, चाचांच्या दोन्ही किडन्या गेल्यात आणि ते कोडोलीला घरी पडून आहेत. त्या दिवशी मात्र गेलो. पाय सुजलेले, चेहरा काळवंडलेला. मला बघून उठायला लागले. मी त्यांच्या उशाशी बसलो आणि सगळं सांगितलं. टाचण्या, लॅपटॉप, दोन्ही निळे, कागद न बघताच मारलेली थाप. म्हणालो, "चाचा, तुमचा एकही नट ढिला नव्हता. चूक माझी होती." मला रडू आवरेना.

ते माझ्याकडं बघत राहिले, आणि मग हसले. तेच हसू, टॉवरवरून हसायचे तसलं.

"असू दे, साहेब. मन राखायला आलाय व्हय?"

"चाचा, आईशपथ खरं सांगतोय!"

"बावीस वर्सांत तुमचा कागद कवा चुकला न्हाय," ते म्हणाले. "मला ठावं न्हाय व्हय?" आणि चाचींना हाक मारून म्हणाले, "ऐकलंस का? साहेब माझ्यापायी खोटं बोलाय लागलं. च्या टाक त्यांना."

मी फाईल पुढं केली. सगळं इंग्रजीत. त्यांनी तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि मिटून परत दिली.

आठ दिवसांनी चाचा गेले.

त्यानंतर मी कंपनीच्या मोठ्या साहेबांसमोर उभा राहिलो, चूक माझी असं लिहून दिलं, आणि कंपनीकडून मराठीत पत्र घेतलं, की डिशचं काम निर्दोष होतं. ते घेऊन कोडोलीला गेलो. चाचींना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "रोज सकाळी ओला टावेल पिळून बघायचे वो. हातात जोर हाय का न्हाय ते. शेवटच्या दिशीसुद्दा मागून घेतला."