तिसरी पायरी

आमच्या घराला तीन पायऱ्या आहेत. पंचगंगा पात्राबाहेर पडली की पाणी आधी समोरच्या उसात येतं, मग रस्त्यावर आणि मग गटारातून उलटं फिरून गल्लीत. गल्लीतली माणसं पाण्याच्या कडेला एक काडी रोवतात आणि तिच्याकडं बघत उभी राहतात. काडी बुडाली की मागं सरून दुसरी रोवायची. त्या दिवशी सकाळपासून तीन काड्या बुडाल्या होत्या आणि माझा मुलगा पुण्याहून निघाला होता.

तो मला न्यायला येत होता. मागच्या महापुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. ओसरल्यावर पंधरा दिवस आम्ही दोघं गाळ उपसत होतो. तेव्हा त्यानं माझ्याकडून शब्द घेतला होता, की पुन्हा घरात पाणी आलं तर घर विकायचं आणि मी त्याच्याकडं राहायला जायचं. मी ह्यांच्या फोटोवरचा चिखल पदरानं पुसत होते. अंगात त्राण उरलं नव्हतं. "थेंबभर आलं तरी," तो म्हणाला. "थेंबभर," मी म्हणाले. दमलेल्या माणसाकडून शब्द घेऊ नये, पण घेतला आणि मी दिला.

हे घर ह्यांनी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत भट्टीपुढं उभं राहून बांधलं. माझं माहेर इथल्याच शहरातल्या मंगळवार पेठेतलं. आम्ही इकडं जागा घेतली तेव्हा माझा भाऊ म्हणाला होता, "उसात राहायला निघालीस व्हय?" तेव्हा मलाही रडू आलं होतं. आता इथून हलायचं म्हटलं की पाय निघत नाही. का, ते मला पुण्यात कळलं. मुलाच्या फ्लॅटवर मी एक महिना राहिले. समोरचं दार महिनाभर बंदच बघितलं. आत कोण राहतं ते शेवटपर्यंत समजलं नाही. इथं मी दोन दिवस अंगण झाडलं नाही तर फाटकाशी येऊन कोणीतरी ओरडतं, "बाई, जित्ती हाईस न्हवं?" तीस वर्षं शाळेत शिकवलं म्हणून सगळी गल्ली मला बाई म्हणते. चौकशीची ही तऱ्हा काही फार गोड नाही, पण तेवढं विचारणारं माणूस लागतं.

सगळ्यात मोठ्यानं विचारणारी म्हणजे शेजारची अक्का. जैन शेतकऱ्याचं घर, माहेर तिकडं सीमेकडचं, त्यामुळं लहानथोर सगळे तिला अक्काच म्हणतात. चातुर्मासात ती दिवस मावळायच्या आत जेवते, कांदा-लसणाला शिवत नाही. या वर्षी तिनं मुनिमहाराजांपुढं आणखी एक नेम घेतला होता: चार महिने खोटं बोलायचं नाही. गल्ली हादरलीच. आधीच हिच्या जिभेला हाड नाही, त्यात आता धर्माचं पाठबळ! साडी कशी दिसते असं तिला विचारायचं बायकांनी बंद केलं. मी हे सगळं हसत हसत मुलाला फोनवर सांगितलं होतं. हसणं कसं अंगाशी येतं बघा.

दुपारी बाराला दुसरी पायरी बुडाली. मुलाचा फोन आला, "कराड सोडलं. आत आलं का?"

"नाही."

"खरं सांग, आई."

"उंबरा कोरडा आहे," मी म्हणाले, आणि तो होताही. मी दारातच स्टूल टाकून बसले होते. तिसऱ्या पायरीवर पाण्याची जीभ यायची, परत जायची. मी तिच्यावरून नजर काढत नव्हते. जणू नजर हलली तर ती आत शिरेल. देवाचं नाव तोंडात येईना. नुसतं "थांब, थांब" चाललं होतं.

आणि मागं, स्वयंपाकघरात, काहीतरी बुडबुडलं.

पाणी मोरीतून वर आलं होतं. गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल, की पुराच्या आधी मोरी बुजवायची. मी पुढचं दार राखत बसले आणि मोरी उघडीच ठेवली. काळं पाणी गॅसच्या सिलिंडरपर्यंत पसरलं होतं. थेंबभर नाही, चांगलं बोटभर. मी जुनं लुगडं मोरीच्या तोंडात कोंबलं, त्यावर पाटा ढकलला, वर वरवंटा ठेवला. मग गोणपाट घेऊन गुडघ्यांवर बसले आणि पुसायला लागले. पिळून बादलीत, पुन्हा पुसून बादलीत. बादली खिडकीतून ओतायची. दम लागला होता, कमरेतून कळ येत होती आणि मला भयंकर लाज वाटत होती. तीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं, आणि आता मी माझ्याच पोटच्या पोराला फसवायला फरशी पुसत होते.

"काय करालीस ह्ये?"

अक्का दारात उभी होती, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. मला आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर न्यायला आली होती. तिनं गोणपाट बघितलं, बादली बघितली. तिला त्या शब्दाचं ठाऊक होतं, सगळ्या गल्लीलाच होतं. ती वाकली आणि बादली उचलून खिडकीतून ओतली.

तासाभरात मुलगा आला. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी यायच्या आत कसाबसा निसटला होता. पँट दुमडून, चपला हातात घेऊन, पाण्यातून चालत. तिसऱ्या पायरीवर थांबून त्यानं उंबऱ्याला हात लावून बघितला. मग घरभर फिरला. पावसाळ्यात आमची फरशी तशीही वाळत नाही. तरी मोरीपाशी तो थबकला.

"पाटा इथं का?"

"खबरदारी."

त्यानं माझ्याकडं बघितलं. तो माझा मुलगा आहे, माझा चेहरा त्याला वाचता येतो. मग तो अक्काकडं वळला. "अक्का, तुमचा नेम हाय न्हवं? तुम्हीच सांगा. आत पाणी आलतं?"

मी गोणपाटाकडं बघत राहिले. घर गेलंच होतं. अक्का खोटं बोलणार नाही याची मला खात्री होती, आणि तिनं बोलावं असं मागायचा मला अधिकारही नव्हता.

"न्हाय," अक्का म्हणाली. "आलं असतं तर मी गल्लीभर वरडले नसते व्हय?"

मुलाचे खांदे सैल झाले. तो स्टुलावर बसला आणि हसला. बाहेर कोणीतरी ओरडलं, काडी तासभर तशीच आहे, पाणी थांबलं.

दिवस मावळायच्या आत अक्कानं आम्हाला वर जेवायला बसवलं. भाकरी, मुगाची उसळ, दही. तिनं स्वतःचं ताट घेतलं नाही.

"तुम्ही बसा की," मी म्हणाले. "मग उशीर हुईल."

"आज उपास हाय."

"कसला? आज तर तिथी न्हाय कसली."

ती भाकरी वाढायला माझ्याजवळ वाकली. इतक्या वर्षांत मी तिचा हळू आवाज कधी ऐकला नव्हता.

"तुझ्या मोरीचा," ती म्हणाली. "उद्याबी हाय. पाणी उतरलं की गवंडी बोलव, मोरी वर उचलून घे. पुढच्या खेपेला मी खरं सांगनार."

मी हातातला घास ताटात ठेवला. पण मुलगा शेजारीच जेवत होता, म्हणून तो पुन्हा उचलला.