बारोनच्या वाट्याचा स्टेक

एदेल्मामावशी माणसाचा चेहरा बघून मांस कापायला सांगते. गरोदर बाई आली की मांडीचा लालभडक, बिनचरबीचा काप. ऑपरेशन झालेला म्हातारा आला की खिमा. पोराची परीक्षा असली की जाडजूड स्टेक, वर "आतून गुलाबी ठेव गं, चप्पल करू नकोस" हा उपदेश. उरुग्वेतल्या आमच्या या गावाला ती चौतीस वर्षं बीफ विकतेय. मी तिच्या बहिणीची पोर, यानिना. नववीत शाळा सोडली, तेव्हापासून आठ वर्षं सुरी माझी आणि गिऱ्हाइकाशी बोलणं तिचं.

मग लूसिला आली. राजधानीहून, मोंतेविदेओहून, गावच्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून. पांढरा कोट, सरळ दात. पहिल्याच दिवशी दुकानात उभं राहून मावशीला सांगायला लागली, शंभर ग्रॅम स्टेकमध्ये वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं, दोन-अडीच मिलिग्रॅम लोह, जस्त, आणि बी-ट्वेल्व्ह तर दिवसाला लागतं तेवढं जवळजवळ सगळंच. "आणि पालेभाजीतल्यापेक्षा हे लोह अंगाला चांगलं लागतं."

मावशी खूश. "बघ यानिना, मी अंदाजाने सांगायचे, ही मोजून सांगते. बस ना पोरी."

पोरी! मला आठ वर्षांत कधी 'बस' म्हटलं नाही तिने. तेव्हापासून रोज अकरा वाजता लूसिलाला खुर्ची, येर्बाच्या कडू काढ्याचा तुंबा, आणि फळ्यावर तिचे आकडे, तिच्या अक्षरात. माझं अक्षर घाणेरडं आहे, मान्य. पण शेजारची नेल्लीकाकू सगळ्यांसमोर म्हणाली, "मिळाली बाई एदेल्माला एकदाची शिकलेली मुलगी!" तिच्या स्टेकला मी बोटभर चरबी जास्त ठेवली.

एक गोष्ट मात्र फक्त माझ्याकडे होती. मावशीला दाढा नाहीत. एकही नाही. दुपारी शटर खाली केलं की ती स्टेक तव्यावर दोन्हीकडून जेमतेम भाजते, दोन लोखंडी ताटल्यांमध्ये दाबून पिळते, आणि तो लाल रस मीठ-लिंबू घालून पावाबरोबर पिते. वर लगेच तुंबा. तिच्या आईने आजारी पोरांना असाच रस पाजला होता, म्हणून सगळी ताकद त्यातच, असं तिचं म्हणणं. उरलेला चोथा मी बारोनला घालते. बारोन आमचा कुत्रा. गावात त्याच्याएवढं तुकतुकीत जनावर नाही.

"खाटकिणीलाच चावता येत नाही हे कळलं तर कोण घेईल माझ्याकडून?" एकदाच म्हणाली होती. मी आईची शपथ घेतली होती, सांगणार नाही म्हणून.

मार्चमध्ये मावशी दुकानातच चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेलं, हिमोग्लोबिन साडेसात.

"पण तुम्ही तर रोज स्टेक खाता ना?" लूसिला चक्रावली.

"रोज. हिला विचार, हीच कापते."

डॉक्टर म्हणाले, मग पोटात कुठेतरी रक्त जात असणार. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी गप्प. खरं सांगते, गप्प राहायला बरं वाटत होतं. एवढे आकडे येतात ना बाईला, काढ म्हणावं शोधून! मग चादरीवर मावशीचा हात दिसला. नखं कागदासारखी पांढरी.

मी लूसिलाला बाहेर ओढलं आणि सगळं सांगितलं. दाढांसकट.

हसली नाही, हे तिचं नशीब. "तो रस म्हणजे रक्त नाही गं," ती म्हणाली. "पाणी आणि रंग. थोडंफार उतरतं त्यात, पण प्रथिनं, लोह, बहुतेक सगळं चोथ्यातच राहतं. त्यात पावातून मिळेल तेवढं लोहही येर्बा अंगी लागू देत नाही."

"म्हणजे एवढी वर्षं..."

"स्टेक कुत्रा खातोय."

तपासण्या झाल्या. पोटात काही निघालं नाही. लूसिलाने गोळ्या दिल्या, कवळीचं माप घ्यायला लावलं. कच्चा स्टेक सुरीने बारीक तुकडे करून परतायचा, रसासकट खायचा, जेवणानंतर तासभर तुंबा बंद. मावशी मान डोलवायची, "हो पोरी, बरं पोरी." माझ्याशी अक्षर नाही बोलली. नऊ दिवस. मी तुकडे करून ताटली तिच्या खोलीत सरकवायची, रिकामी ताटली बाहेर यायची. तिच्यासाठी शपथ मी मोडली, आणि खुर्ची अजून लूसिलालाच!

दहाव्या दिवशी लूसिलाने हौसेने स्वतः तुकडे केले. मावशीने घास घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला, रुमालात काढला.

"हे काय, शेंगदाणे? तांदळाएवढे लागतात मला." मग जोरात ओरडली, "यानिना! कुठे मेलीस? ये इकडे, हिला सुरी धरता येत नाही!"

मी हात धुतले. एकेक नख धुतलं. मग सावकाश आत गेले.

लूसिला खुर्चीतून उठली. "बस," मावशी मला म्हणाली.

मी नाही बसले. तुकडे उभ्यानेच बारीक होतात.