कुरडया आणि उपग्रह

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. आकाशातला उपग्रह ठरलेल्या दिवसांनी सोलापूरवरून जातो, खाली रडारच्या लहरी सोडतो आणि आपटून परत आलेल्या लहरी टिपतो. दोन फेऱ्यांतला फरक काढला की जमीन कुठे खचली, कुठे वर आली, हे अगदी नखभर असलं तरी कळतं. मी कॉलेजात भूगोल शिकवते आणि उरलेल्या वेळात शहराचे असे नकाशे बनवते. हिरवा ठिपका म्हणजे जागा स्थिर, लाल म्हणजे खाली चाललेली.

नवी पेठेत माझी मावशी राहते. खाली भाड्याने दिलेलं कापडाचं दुकान, वर ती एकटी. मागच्या खोलीत तिचं स्वयंपाकघर आणि देव, आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीतला पाण्याचा हौद. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे आलं की हौद काठोकाठ भरून वाहीपर्यंत कुणाला चैन पडत नाही. ते पाणी खालच्या काळ्या मातीत मुरत होतं, अशी माझी शंका. मागच्या भिंतीला तडा होता. मावशी दर दिवाळीला तो बुजवून वर रंग मारायची आणि मलाच विचारायची, "बघ, गेला की न्हाय?" माझं डोकं फिरायचं.

शेवटी मी तिच्या गच्चीवर, मागच्या बाजूला, पत्र्याचा एक कोपरा आणून ठेवला. तीन पत्रे एकमेकांना काटकोनात जोडलेले, तोंड आकाशाकडे. रडारची लहर त्यात शिरली की आली तशी परत जाते, म्हणून नकाशात तो ठिपका ठळक उमटतो. अट एकच, तो तसूभरही हलता कामा नये. बोल्ट मारायला गेले तर मावशी आडवी आली. "स्लॅबला भोक पाडायचं न्हाय. गळतंय." मग विटांचं वजन ठेवून भागवलं.

उन्हाळ्यात एका सकाळी नवा नकाशा उघडला आणि मावशीचा ठिपका लालभडक. शेजारच्या टाक्या, पत्रे, कठडे सगळे हिरवे होते, पण ते बघत बसायला मला सवड कुठली! रिक्षा करून नवी पेठेत पोचले आणि जिन्यातूनच ओरडत सुटले. "मावशी, बाहेर ये! आधी बाहेर ये!" ती पिठाच्या हातांनी खाली आली. दुकानदाराने गिऱ्हाइकं बाहेर काढली, शटर ओढलं. गल्लीत ही गर्दी.

मग मी गच्चीवर गेले. माझ्या कोपऱ्यात ओलं धोतर अंथरलेलं होतं आणि त्यावर कुरडया.

"पत्रा लई तापतोय," मावशी मागून म्हणाली. "आन् तीन बाजूंनी आडोसा, कावळं येत न्हाईत. ऊन फिरंल तसं फिरवायचं, सांजच्याला परत जाग्यावर. इटाबी ठेवते की!"

तिचं 'जाग्यावर' आणि उपग्रहाचं 'जाग्यावर' यांत दोन बोटांचा तरी फरक पडला असणार. मी संतापले, आणि लगेच हसूही आलं. गल्लीला मात्र विषय मिळाला. पुढे कितीतरी दिवस दुकानदार मला बघितलं की विचारायचा, "ताई, वरून काय खबर? कुरडया वाळल्या का?" माझी ती फजिती बघून मावशीलाच दया आली. "पाड बाई, काय भोक पाडायचं ते," म्हणाली. बोल्ट बसले. कोपरा आता जागचा हलणार नव्हता.

दिवाळी जवळ आली तोवर माझ्याकडे बऱ्याच फेऱ्या जमल्या होत्या. पुढचा अर्धा भाग हिरवा. मागचा कोपरा दर फेरीला थोडा खाली, आणि या वेळी तिच्याच गच्चीवरची टाकी आणि मागचा कठडाही त्याच्याबरोबर. मी तीनतीनदा तपासलं. पावसाळा संपून माती आकसत होती, पण बाकीची गल्ली अशी खचत नव्हती. मला भीती वाटली, खरीखुरी. मावशी त्याच्याच खालच्या, मागच्या खोलीत झोपते. आणि माझ्या शब्दाला आता गल्लीत कवडीची किंमत नव्हती.

संध्याकाळी गेले. मावशी भिंतीचा तडा लांबीने बुजवून हात धूत होती. तिने चहा केला. कसं सांगावं ते मला सुचेना.

"मावशी," मी शेवटी म्हटलं, "मागची खोली खचतेय. सावकाश, पण थांबत नाही."

"कुरडया न्हाईत न्हवं?"

"नाहीत."

तिने माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. वाद घालायची माझी सगळी तयारी होती. ती उठली, देव्हाऱ्यातले देव एकेक करून ताम्हनात घेतले आणि पुढच्या खोलीत कपाटावर नेऊन ठेवले. मग आपली गादी गुंडाळायला लागली.

मला राहवेना. "इतक्या लवकर पटलं तुला? त्या दिवशी तर सगळ्यांनी वेड्यात काढलं मला."

"त्या दिवशी वरडत आलीस," ती म्हणाली. "तू ल्हानपणापासनं वरडतीस. त्याला कोण भ्यायचं? आज चहावर साय धरली, तरी तुझा कप तसाच हाय. ऊठ, गादीचं दुसरं टोक धर."