ताई-भावजींचं विलीनीकरण

आमचे भावजी विज्ञान कॉलेजात प्रयोगशाळा परिचर आणि माझी ताई शेजारच्या वाणिज्य कॉलेजच्या ग्रंथालयात. मध्ये पुरुषभर उंचीची भिंत. तिच्यातलं छोटं दार दुपारच्या सुट्टीत उघडलं की भावजी डबा घेऊन पलीकडे जायचे, ताईशेजारी बसून जेवायचे आणि ओले हात रुमालाला पुसत परत यायचे. लग्नाला इतकी वर्षं होऊनही माणूस बायकोबरोबर जेवायला एवढा धावतो, याची मी यथेच्छ थट्टा करायचे. भावजींना राग म्हणून यायचा नाही. "जळतेस तू," एवढंच म्हणायचे.

मग दोन्ही कॉलेजांचं विलीनीकरण झालं. लांबच्या गावातलं आणखी एक कॉलेज त्यात घातलं आणि सगळ्यांचं मिळून एक विद्यापीठ केलं. भिंत पाडली. नव्या कुलगुरूंनी भाषण ठोकलं, "आता आपण सारे एक कुटुंब!" टाळ्या वाजवणाऱ्यांत भावजी सगळ्यांत पुढे.

पुढच्याच आठवड्यात दोघांना कार्यालयात बोलावलं. नव्या नियमाप्रमाणे नवरा-बायको एकाच आवारात नोकरी करू शकत नव्हते. भिंत होती तोवर संस्था दोन होत्या, कुणाचं काही म्हणणं नव्हतं. आता दोघांपैकी एकाने त्या लांबच्या कॉलेजात जायचं होतं.

"मग काय, काडीमोड घेऊ?" ताई भडकली.

"तसं चालेल, मॅडम," कारकून गंभीरपणे म्हणाला. बिचारा नियमात होतं तेच सांगत होता.

"बरं, जाणार कोण?" त्याने विचारलं.

"मी," दोघं एकदमच म्हणाले.

त्यावरून घरी बरेच दिवस धुसफूस चालली. भावजींना बस लागते. गाडी स्टँडबाहेर पडायच्या आत त्यांचा चेहरा पांढराफटक होतो. शेवटी ताईने आपलंच खरं केलं. आठवडाभर तिकडे भाड्याची खोली, शनिवारी घरी.

तरी पहिल्या दिवशी भावजी तिची बॅग उचलून निघालेच. वाटेत त्यांच्यासाठी बस थांबवावी लागली, ताईने चारचौघांत त्यांना झापलं. कसेबसे कॉलेजच्या फाटकाशी पोचले, तर रखवालदाराने सहज विचारलं, "काका, तुम्ही या मॅडमचे कोण?"

भावजी गडबडले. नवरा म्हटलं तर हिला इथूनही हलवतील, अशी धास्ती त्यांनी घेतली होती.

"कोणी नाही," ते म्हणाले. "एकाच संस्थेत आहोत."

संध्याकाळी ताईने फोनवर मला हे सगळं हसत हसत सांगायला घेतलं. "अगं, कोणी नाही म्हणाले," एवढं बोलली आणि फोनच ठेवून दिला.