वरणभात आणि दोन काड्या

माझे वडील जेवत नव्हते आणि मला एका जागी बसवत नव्हतं. गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. अर्धांगवायूच्या झटक्याने बाबांची उजवी बाजू गेली होती. बोलणं जड झालं होतं, पण समजायचं सगळं. गिळताही येत होतं. इस्पितळातून सोडण्याआधी ते नीट तपासून झालं होतं. तरी घरी आल्यापासून ताट समोर आलं की ते मान फिरवायचे. डॉक्टर माणूस भला, पण स्पष्ट बोलणारा. "देखिए, वजन और गिरा तो नाक से नली डालनी पड़ेगी," एवढं म्हणून त्यांनी पुढची तारीख दिली. मी मान हलवली आणि बाहेर येऊन पार्किंगमध्ये उगीच फेऱ्या मारत राहिलो.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले आणि इथलेच झाले. मीही त्याच वाटेने सरकारी कचेरीत चिकटलो. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मयूर विहारच्या सोसायटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये बाबा, मी आणि माझी बायको. लेक मानेसरला एका कारखान्यात नोकरी करते, गुडगावला मैत्रिणींबरोबर राहते आणि शनिवार-रविवारी घरी येते.

बाबा देवभोळे अजिबात नाहीत. देवळात गेलेच तर चपला सांभाळायला बाहेर उभे राहणारे. पण जेवायला बसले की त्यांचं वेगळंच शास्त्र सुरू व्हायचं. उजव्या तळहातावर पाणी घेऊन ताटाभोवती फिरवायचं, भाताची चार शितं ताटाच्या उजवीकडे चित्राहुती म्हणून ठेवायची आणि मगच पहिला घास. हे सगळं सनमायकाच्या डायनिंग टेबलावर. ते पाणी ओघळत माझ्या बायकोच्या ताटाखाली जायचं, आणि इतकी वर्षं ती जेवण्याआधी निमूटपणे फडकं फिरवत आली. डावा हात जेवताना मांडीवर. त्याने फार तर पाण्याचं भांडं उचलायचं.

दिल्लीकर राजमा-चावल चमच्याने खातात, याचं बाबांना कायम हसू यायचं. "हे लोक भात खातात की औषध घेतात?" असं ते लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, पण मराठीत म्हणत. मी मात्र नोकरीत काटा-चमचा शिकलो. परदेशी पाहुण्यांबरोबरच्या पहिल्या सरकारी जेवणात काट्यावरून मटार निसटून समोरच्या बाईंच्या बशीत गेला होता, त्यानंतर मी घरी चोरून सराव केला. बाबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "अन्नाला टोचतात काय असं?" मला तेव्हा राग आला होता. पण त्यानंतर कुठल्याही मेजवानीत काटा उचलला की ते वाक्य आठवायचं आणि जेवणाची चव जायची.

आता तो उजवा हात उशीवर ठेवलेला असायचा, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. डावा हात चांगला मजबूत होता. वर्तमानपत्र तो उलटायचा, रिमोट तो दाबायचा, मी जवळ गेलो तर मला ढकलूनही द्यायचा. पण ताटाकडे तो जाईना. आम्ही चमचे आणले. लहान, मोठे, जाड मुठीचे, फिजिओथेरपीवाल्यांकडे मिळतात ते वाकडे. बाबांनी एकेक हातात घेऊन पाहिला आणि परत टेबलावर ठेवला. बायको भरवायला बसली की सुनेचा मान म्हणून दोन घास घेत, मग ओठ मिटत. बायकोने एकदा त्यांच्या वतीने ताटाभोवती पाणी फिरवून पाहिलं. बाबांचे डोळे भरले आणि त्या दिवशी ते दोन घासही गेले नाहीत.

माझा स्वभाव तापट आहे, हे सोसायटीच्या वॉचमनलाही ठाऊक आहे. मी भरवायला बसलो की, "जेवा ना बाबा, जेवा ना," असं आधी गोडीने, मग ओरडून. एकदा चमचा एवढ्या जोरात आपटला की वाटीतलं वरण उडून त्यांच्या गळ्याला बांधलेल्या पानिपतच्या टॉवेलवर पडलं. त्यांनी त्या डागाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. मी बाल्कनीत गेलो, कुंड्यांना पाणी घातलं, ते सकाळीच घालून झालं होतं. मला भीती वाटत होती, आणि माझी भीती नेहमी रागाचे कपडे घालून बाहेर येते. कचेरीत फायलीत लक्ष लागेना. दुपारी घरी फोन करायचा, बायको म्हणायची, "नाही जेवले," आणि मी कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचो. मेट्रोत एकदा विचाराच्या नादात आमचं स्टेशन मागे पडलं.

त्या शनिवारी लेक आली. येताना तिने आपल्यासाठी नूडल्सचा डबा आणला होता. बाबांसमोरच्या खुर्चीत बसली, कागदी पाकिटातून दोन लाकडी काड्या काढल्या आणि डाव्या हाताने खायला लागली.

इथे सांगायला हवं की माझी लेक डावखुरी आहे. लिहिते डाव्या हाताने, बॅडमिंटन डाव्या हाताने, थप्पडही त्याच हाताने मारायची. फक्त जेवते उजव्या हाताने, कारण ती लहान असताना बाबा रोज तिच्या शेजारी बसायचे आणि तिचा डावा हात भाताकडे वळला की अलगद उचलून तिच्या मांडीवर ठेवायचे. ओरडले कधी नाहीत. पण सोडलंही नाही.

बाबा तिच्या हाताकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, आता चिडणार. ते जड जिभेने म्हणाले, "डावा."

"हो आजोबा," ती तोंडात घास ठेवूनच म्हणाली. "काड्यांना चालतो. म्हणजे, तुम्ही याचा रूल कधी केलाच नव्हता ना!"

बाबांना हसू आलं. झटक्यानंतर पहिल्यांदा. अर्धंच तोंड हसलं, पण हसलं.

"रूल तिकडेही आहेत, यार आजोबा, बाप रे," ती सांगत सुटली. "आमच्या कारखान्यात जपानी साहेब आहेत. पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये मी काड्या भातात उभ्या खोचून ठेवल्या आणि पाणी आणायला गेले. परत आले तर सगळे गप्प. साहेबांनी हळूच काड्या काढून आडव्या ठेवल्या. म्हणाले, असं फक्त मेलेल्या माणसासाठी ठेवतात. मग एकीला मी काडीने काडीत वडा द्यायला गेले, तर तेही नाही. तिकडे माणूस जाळल्यावर हाडं अशी उचलतात म्हणे, एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत."

बाबा पुढे झुकले. "मग?" म्हणाले.

"मग काय, बिल्कुल तुमच्यासारखंच आहे. ते तुमचं ताटाबाजूला शितं ठेवायचं असतं ना, काय म्हणतात त्याला?"

"चित्राहुती," मी बाल्कनीच्या दारातून म्हणालो.

"अच्छा, तेच. आणि डावखुऱ्या मुलांना पूर्वी तिकडेही उजव्या हाताने खायला लावायचे. आता नाही लावत."

बाबांनी डावा हात पुढे केला. ती काड्या देईना, तिला वाटलं ते तिच्या हातातून काढून घेतायत. मीच म्हणालो, "अगं, मागतायत ते."

आमच्या घरी बाहेरून मागवलेल्या जेवणाबरोबर आलेल्या काड्यांचा ढीग आहे, बायकोला टाकवत नाहीत. लेकीने त्यातल्या दोन घेतल्या, वरच्या टोकाला कागदाची घडी मध्ये घालून रबर बांधलं, म्हणजे त्या चिमट्यासारख्या झाल्या. बायकोने स्वयंपाकघरातून सुरळीच्या वड्या आणल्या. त्या बाबांच्या आवडीच्या म्हणून ती आठवड्यातून दोनदा करत होती आणि आम्हीच संपवत होतो. पहिली वडी निसटली. दुसरी उलगडली. तिसरी हवेत आली, थरथरली आणि त्यांच्या तोंडात गेली. खोबरं हनुवटीवर राहिलं. बायको पदर डोळ्यांना लावून आत गेली. मला मात्र आनंदाआधी वैताग आला. मी म्हणालो, "चमच्याने काय वेगळं होतं बाबा? तोही डाव्याच हातात धरायचा होता!"

"चमचा आजाऱ्याचा," बाबा म्हणाले आणि पुढच्या वडीकडे वळले.

पुढचे दिवस घरात नुसती धांदल होती. काड्यांत काय धरतं, याचाच विचार. इडलीचे तुकडे, पनीर, वाफवलेला भोपळा, मोमोच्या आतलं सारण. ज्या पनीरला ते जन्मभर नावं ठेवत आले, ते आता मुकाट्याने उचलत होते. मी कचेरीतून फोन करायचो आणि बायको सांगायची, "पाच तुकडे गेले," "आज चिडले, काड्या फेकल्या," "परत मागितल्या." पोटात थोडं तरी जात होतं. पण डॉक्टरांची तारीख जवळ येत होती, आणि मूठभर तुकड्यांवर वजन टिकत नाही हे मला कळत होतं. बाबांनाही कळत असावं. शिवाय तुकडे खाताना त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं नव्हतं. ते चघळत होते, जेवत नव्हते. हा फरक आमच्या घरात सगळ्यांना समजतो.

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी रविवार होता. बाबांनी सकाळीच सांगितलं, "वरणभात." बायकोने भात मऊ केला, वर साधं वरण, तूप, लिंबाची फोड. ताट समोर आलं. बाबांनी काड्या उचलल्या. वरणात भिजलेला भात काड्यांत काय येणार? दोन शितं आली, बाकी सगळं गळालं. त्यांनी पुन्हा उचललं, पुन्हा गळालं. टेबलावर, टॉवेलवर, मांडीवर. मी उभाच होतो. या पायावरून त्या पायावर. दोनदा चमचा आणायला वळलो आणि दोनदा बायकोने नजरेने थांबवलं. बाबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी काड्या ताटात टाकल्या, सांडलेल्या भाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "पानिपत झालं नुसतं."

कुणी हसलं नाही. मला वाटलं, संपलं. उद्या नळी.

बाबांनी लेकीकडे पाहिलं. तिच्या ताटातही वरणभातच होता, आणि तिचा उजवा हात सवयीने भातात गेला होता. ते म्हणाले, "तो नको. तुझा हात."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. तिने उजवा हात पुसला, मांडीवर ठेवला आणि डावा हात भाताजवळ नेला. तिथेच थांबली. एवढी मोठी नोकरी करणारी मुलगी, आजोबांकडे बघायला लागली.

"खा, पोरी," बाबा म्हणाले.

तिने डाव्या हाताने भात कालवला. आणि गंमत अशी की तिला येईना. ज्या हाताने ती कारखान्यात बारीक मापं घेते, त्या हाताला घास करणं कधी कुणी शिकवलंच नव्हतं. बोटं फाकली, भात मनगटापर्यंत ओघळला, अर्धा घास ओढणीवर पडला. ती रडत होती की हसत होती, मला सांगता येणार नाही. बाबा नीट बघत होते. "अंगठा," ते म्हणाले. "अंगठ्याने लोट." तिने अंगठ्याने लोटला. घास तोंडात गेला.

मग बाबांनी डावा हात पाण्याच्या भांड्यात बुडवला. तळहातावर पाणी थोडंच राहिलं. ते त्यांनी ताटाभोवती फिरवलं, वाकडंतिकडं, काही जागी तुटलेलं. भाताची शितं उचलून ताटाच्या कडेला ठेवताना हात मध्येच थांबला. उजवीकडे ठेवायची तर तो ताटावरून ओलांडून न्यावा लागला असता. त्यांनी ती डावीकडे ठेवली. पाणी ओघळत बायकोच्या ताटाखाली गेलं. तिचा हात फडक्याकडे गेला आणि तिने तो मागे घेतला.

बाबांनी भात कालवला. त्यांचा हात लेकीइतकाच अडाणी होता. दोघांचे घास फुटत होते, दोघांच्या कोपरावरून वरण वाहत होतं, आणि लेक त्यांना सांगत होती, "आजोबा, अंगठ्याने लोटा ना." ताट अर्धं टेबलावर गेलं असेल, पण उरलेलं अर्धं आत गेलं. त्यांनी पुन्हा भात मागितला. बायकोने पातेलंच टेबलावर आणून ठेवलं.

मी अजून उभाच होतो. हातात पुसायला आणलेलं फडकं. किती दिवस मी या टेबलाभोवती असाच उभा होतो, कुणास ठाऊक. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि भरल्या डाव्या हाताने समोरची खुर्ची दाखवली. मी बसलो. बायकोने ताट वाढलं. मी भात कालवला, घास केला, आणि तो तसाच हातात राहिला. मी मान खाली घालून बसलो.

"जेव," बाबा म्हणाले.